ग्वायाकिलला आलेला मुराळी

उखा नानांना सख्खी बहीण नव्हती आणि पोटी लेकही नव्हती. तरी आमच्या भाऊकीतल्या झाडून साऱ्या मुलींना आखाजीला सासरहून आणलं ते त्यांनीच. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. त्या सणाला खानदेशातल्या सासुरवाशिणी माहेरी येतात आणि त्यांना आणायला माहेरचा जो माणूस जातो, त्याला मुराळी म्हणतात. हे खरं भावाचं काम. पण भाऊ कधी लहान असतो, कधी नोकरीवर असतो, कधी मेव्हण्याशी बोलत नसतो. मग त्या मुलीची आई चैत्र संपता संपता नानांच्या ओट्याशी येऊन उभी राही आणि पदराशी चाळा करत म्हणे, "नाना, औंदा आमनी पोरले लई येशात का?" नाना अंघोळीला चालल्यासारखे सहज उठत आणि पिशवी शोधायला लागत.

उखा हे नावही गमतीचंच. त्यांच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून त्यांच्या आईनं त्यांना जन्मल्याबरोबर उखर्ड्यावर, म्हणजे उकिरड्यावर ठेवलं आणि पुन्हा उचलून घरात आणलं. असल्या टाकून दिलेल्या पोराकडे यम ढुंकूनही बघत नाही, असा हिशेब. यमानं खरंच बघितलं नाही. सत्तरी उलटली तरी नाना सायकलवर टांग मारून केळीच्या मळ्यात जातात आणि त्यांची बायको कस्तुरा काकू मागून ओरडत राहते, तिकडे लक्ष देत नाहीत.

आमचं गाव चोपडा तालुक्यात, तापीपासून फार लांब नाही. नानांची थोडी केळी, थोडा कापूस. शिक्षण बेताचं. गावात त्यांना कोणी पुढारी मानलं नाही की शहाणं मानलं नाही. पण मुराळी म्हणून त्यांच्यासारखा माणूस नव्हता. त्यांची एक रीत होती. मुलीच्या सासरी गेल्यावर "पाठवता का?" असं ते कधीच विचारत नसत. चहा पिऊन झाला की थेट मुलीलाच विचारत, "पिशवी भराई गई का?" सासू-सासऱ्यांनी काय बोलायचं ते नंतर बोलावं. धरणगावच्या एका घरानं त्यांना ओट्यावर बसवून ठेवलं, मुलीला पाठवायचं नाव काढेनात. नानांनी तिथेच मुक्काम ठोकला. सकाळी ओटा झाडला, म्हशीला पाणी दाखवलं, शेजाऱ्याच्या तुटलेल्या खाटेला सुतळी विणून दिली. शेवटी गल्लीतली माणसंच त्या सासऱ्याला बोलायला लागली आणि मुलगी निघाली.

मी दिपमाला, प्रेमराज पाटलांची एकुलती एक मुलगी. लग्न होऊन धुळ्याला गेले, तेव्हा पहिल्या आखाजीला मला घ्यायला आले तेही नानाच. पांढरा लेंगा, पांढरी टोपी, काखेत पिशवी. माझ्या सासूबाई, सुनंदाबाई, मोठ्या कडक. त्या दिवशी अंगणात कुरडयांचा घाट घातलेला होता. त्या म्हणाल्या, एवढा चीक शिजवून ठेवलाय, तो संपल्याशिवाय सून हलणार नाही. नानांनी माझ्याकडे बघितलं, त्या भल्यामोठ्या पातेल्याकडे बघितलं. मग बाह्या वर केल्या, हात धुतले आणि सोऱ्या घेऊन खाटेवर कुरडया घालायला बसले. टोपी घातलेला पुरुष भर अंगणात कुरडया घालतोय, हे बघायला आख्खी गल्ली गोळा झाली. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. कुरडया वाकड्यातिकड्या झाल्या, पण पातेलं रिकामं झालं. सासूबाई कपाळाला हात लावून आत गेल्या आणि माझी बॅग स्वतः बाहेर घेऊन आल्या. पुढे कितीतरी वर्षं त्या पाहुण्यांना सांगत, आमच्या सुनेचा मुराळी कुरडया घालून सून घेऊन जातो.

धुळ्याहून अमळनेर आणि तिथून चोपडा, एस.टी.नं. खिडकीतून वैशाखाचा फुफाटा आत यायचा. नाना मला खिडकीशी बसवायचे आणि एक अक्षर विचारायचे नाहीत, सासरी कशी आहेस, त्रास आहे का, काही नाही. ते फक्त गावाकडच्या बातम्या सांगत राहायचे. कोणाची गाय व्याली, कोणाच्या बागेला वाऱ्यानं झोपवलं, कडुनिंबाला झोका कोणी बांधला. अमळनेरच्या स्टँडवर उसाचा रस पाजायचे. मी दोन घोट पिऊन रडायला लागायचे आणि ते दुसऱ्या ग्लासाची ऑर्डर द्यायचे. घर येईपर्यंत माझं रडून झालेलं असायचं. आई दारात भाकर-तुकडा ओवाळायला उभी असायची. तिला माझा हसरा चेहराच दिसायचा. हे नाना ठरवून करत होते की त्यांचा स्वभावच तसा होता, मला अजूनही सांगता येणार नाही. पण तसं मला नंतर कोणीही, कुठूनही, कुठेही नेलं नाही.

मग मुलींच्याच गाड्या झाल्या. जावई सोडायला येऊ लागले. मुराळ्याचं काम मागे पडत गेलं. नाना तरी चैत्र संपताना ओट्यावर बसून राहायचे म्हणे, कोणी येतं का बघत.

माझे बाबा गेले. चार वर्षांपूर्वी आई गेली. तेव्हा मी भारतात नव्हतेच. माझा नवरा हितेंद्र ठिबक सिंचनाच्या कामात. कंपनीनं त्याला दक्षिण अमेरिकेत, इक्वेडोर देशात, ग्वायाकिल नावाच्या शहरात पाठवलं. केळीच्या गावातून निघून अर्धी पृथ्वी ओलांडली आणि पोचले पुन्हा केळीतच. मीही इथल्या एका निर्यातदाराच्या प्रयोगशाळेत काम करते, केळी तपासायचं. आईच्या दहाव्याला गेले होते, त्यानंतर गावी गेले नाही. घराला कुलूप लावलं, किल्ली शेजारी दिली. माझ्यापुरतं माहेर संपलं, असं मी मनाशी पक्कं केलं. उगाच जायचं, बंद दार बघायचं आणि दुसऱ्याच्या घरी जेवायचं, त्याला काय अर्थ आहे? कोणी बोलावलं की मी रजा नाही म्हणून सांगायचे. पुढे पुढे बोलावणीही थांबली.

आणि या एप्रिलमध्ये एका सकाळी फोन आला. "दिपा, मी उखा बोली ऱ्हायनू. दार उघड. मी खाले उभा शे."

आमच्या इमारतीच्या दारात खरोखर नाना उभे होते. पांढरा लेंगा, पांढरी टोपी, काखेत पिशवी. यावल-चोपड्याकडच्या केळी उत्पादकांचा अभ्यासदौरा इक्वेडोरला निघाला होता. यंदा केळीला भाव बरा होता, नानांनी त्यात नाव घातलं. बाकीचे शेतकरी बागा बघायला पुढे गेले आणि हे गाईडच्या हाती माझा पत्ता देऊन इथे उतरले. हितेंद्रला तर हसावं की काय करावं कळेना. नानांनी पिशवीतून कस्तुरा काकूच्या सांजोऱ्या काढून टेबलावर ठेवल्या, पाणी प्यायले आणि मला विचारलं, "पिशवी भराई गई का?"

आखाजी पाच दिवसांवर होती. माझा नकार ठरलेला होता, फक्त त्या टोपीकडे बघून तो तोंडातून निघेना. म्हणून मी पळवाट काढली. दुसऱ्या दिवशीची रजा घेतली आणि शहर दाखवणाऱ्या एका दिवसाच्या सहलीत आम्हा दोघांची नावं घातली. म्हटलं, माणूस एवढ्या लांबून आलाय, चार ठिकाणं बघेल, हवा खाईल, संध्याकाळी बरं वाटत असेल तेव्हा सांगून टाकू.

सहलीची गाईड रोसारियो नावाची बाई. चाळिशी उलटलेली, ठसठशीत, हातात छत्री. बरोबर अर्जेंटिनाचं एक म्हातारं जोडपं. रोसारियो स्पॅनिशमध्ये सांगायची आणि मी नानांना मराठीत. पहिला थांबा एक बाग, मोठ्या चर्चच्या समोरची. त्या बागेत इग्वाना मोकळ्या फिरतात, गवतावर, बाकांखाली, झाडांवर. माणसं त्यांच्याशेजारी बसून पेपर वाचतात. नाना दोन पावलं मागे सरकले.

"हाई त घोरपड शे," ते म्हणाले. "आन् इतल्या बठ्ठ्या? यास्ले कोनी काई करत नही का?"

मी रोसारियोला विचारलं. ती म्हणाली, या इथल्याच, शहर यांच्या मागून वसलं. नानांना ते फार पटलं. एक भलीमोठी इग्वाना त्यांच्या चपलेपर्यंत आली, तिच्याकडे त्यांनी पाहुण्या म्हातारीकडे बघावं तसं बघितलं आणि पाय आवरून घेतले.

तिथेच बाकावर बसून रोसारियोनं विचारलं, हे आजोबा एवढ्या लांबून कशासाठी आले? मी प्रश्न नानांना सांगितला. ते सरसावून बसले.

"तिले सांग, मी पोर लेवाले येल शे. आखाजी जोडे उनी. आखाजीले पोरी माहेरले येतस, झोका खेळतस, गाना म्हनतस. पोरीच नही उन्यात त झोका काय वारानी हालाडी?"

मुलीला न्यायला आलोय, आखाजी जवळ आली, असं बराच वेळ ते बोलत होते, हात हलवून झोकाही दाखवला. त्यांचं संपल्यावर मी रोसारियोला सांगितलं, "केळीच्या बागा बघायला आलेत." तिनं माझ्याकडे बघितलं, नानांच्या हाताकडे बघितलं. एवढ्या भाषणाचं एवढंसं भाषांतर होत नाही, हे कळायला मराठी यावं लागत नाही. पण ती पोटापाण्याची गाईड, छत्री उघडून पुढे निघाली.

मग नदी. ग्वायास नदीच्या काठाने लांबलचक फरसबंदी रस्ता आहे, झाडं आहेत, बाकं आहेत. नदी मातकट, रुंद, तिच्यावर जलपर्णीची बेटं तरंगत चाललेली. नाना कठड्याला टेकून बघत राहिले. तापीला पाणी असायचं त्या दिवसांबद्दल बोलत राहिले, पलीकडच्या काठावर टरबुजाच्या वाड्या असायच्या, आम्हा पोरींना डोक्यावर कपडे ठेवून पाण्यातून चालत नेलं होतं, ते सगळं. मलाही आठवलं. पायाखालची गरम वाळू आठवली, आणि नानांच्या पाठीवर बसून वाळूचा तो पट्टा ओलांडल्याचं आठवलं. एवढ्यात ते म्हणाले, "दिपा, हाई नदी उलटी काबर चालनी?"

जलपर्णी खरंच उलट्या दिशेला निघाली होती. रोसारियो म्हणाली, समुद्र जवळ आहे, भरती आली की नदी मागे फिरते, ओहोटी लागली की पुन्हा खाली जाते.

"रोज?" नानांनी विचारलं.

"रोज."

"म्हंजे सासरे जास आन् माहेरले परत येस. मंग तुनापेक्षा नदी बरी."

हेही मी भाषांतर केलं नाही. मला राग आला होता. अमळनेरच्या स्टँडवर एक अक्षर न विचारणारा हा माणूस म्हातारपणी टोमणे मारायला शिकला होता.

दुपारी जेवायला एका खाणावळीत नेलं. कच्ची केळी उकडून, कुटून, चीज घालून त्याचे लाडू करतात. नानांनी पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढली आणि अर्जेंटिनाच्या म्हातारबुवांनाही वाढली. म्हातारबुवांच्या डोळ्यांना पाणी आलं, तरी त्यांनी पुन्हा मागितली. जेवण झाल्यावर नानांनी बंडीच्या खिशातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली दोन तिकिटं काढून माझ्यासमोर ठेवली. एक त्यांचं, उद्याच्या परतीचं. दुसरं माझं. त्यांनी जळगावच्या एजंटाकडून माझंही तिकीट आधीच काढून आणलं होतं. विचारायचं नाही, ही त्यांची जुनी रीत. आणि तिकिटावर नाव होतं दिपमाला प्रेमराज पाटील.

मला हसू आलं आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही झालं. "नाना, माझं नाव कधीच बदललं. पासपोर्टवर दिपमाला हितेंद्र बोरसे आहे. या तिकिटावर मला विमानात कोणी चढू देणार नाही."

नाना माझ्याकडे बघतच राहिले. "बोरसेस्नी पोर लेवाले मी काबर येसू?" ते म्हणाले. "मी त प्रेमराजनी पोर लेवाले येल शे."

एजंटानं त्यांना विचारलंही असणार, आडनाव काय म्हणून. यांनी छातीठोकपणे पाटील सांगितलं असणार. मुराळ्याच्या लेखी मुलगी लग्नानंतरही माहेरच्याच नावाची असते, हे त्या बिचाऱ्या एजंटाला काय ठाऊक. मी तिकीट घडी घालून त्यांच्या हातात परत दिलं. त्यांनी ते पुन्हा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून खिशात ठेवलं.

शेवटचा थांबा सांता आना नावाची टेकडी. चढायला पायऱ्या, दोन्ही बाजूंनी निळी, पिवळी, गुलाबी रंगवलेली घरं, दारांत बसलेल्या बायका. वर एक दीपगृह आणि लहानसं चर्च. नाना दर वळणावर थांबत होते. मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला. पूर्वी एस.टी.च्या पायरीवर हात त्यांचा असायचा. त्यांचा तळवा हलका झाला होता, मला ते आवडलं नाही. एका दारात एक म्हातारी केळीचे काप तळत होती. नानांनी तिला रामराम केला. तिनंही काहीतरी म्हणून हात वर केला.

वर पोचल्यावर सारं शहर आणि नदीचं वळण दिसत होतं. अर्जेंटिनाची माणसं फोटो काढायला गेली. मी कठड्यावर नानांशेजारी बसले आणि म्हटलं, "नाना, मी येणार नाही. तिकिटाचं सोडा, दुसरं काढता येईल. पण तिथे माझं कोण आहे आता? घराला कुलूप आहे. तुमच्या घरी पाहुणी म्हणून येऊन बसू का?"

मी हे शांतपणे बोलणार होते, पण माझा आवाज चढला. रोसारियो पाण्याची बाटली घेऊन जवळ आली आणि आमच्या चेहऱ्यांकडे बघून तिथेच बसली. काय झालं, तिनं विचारलं. नाना माझ्याकडे न बघता तिच्याकडे वळले.

"तिले सांग," ते मला म्हणाले, "हिना बाप गया, माय गई. आमना तठे आखाजीले मरेल मानूसनी घागर भरतस. नवी घागर, थंड पानी, वर डांगर, आंबा, सांजोरी. भरताना त्यानं नाव लेतस. इतला वरीस हिना मायबापनी घागर मी भरस. दोन्हीस्ना नाव मी लेस. पन नाव लेवानं काम पोटना पोरनं शे. मी इतलाच सांगाले येल शे."

मला हे माहीत नव्हतं. चार वर्षं मी समजत होते की आखाजीला आमच्या घरी कोणी नसतं, कुलूप असतं, अंधार असतो. किल्ली शेजारी दिली होती ना, ती शेजाऱ्यांनी नानांकडेच दिली होती. दर आखाजीला ते कुलूप काढत होते, ओसरी झाडत होते, आणि माझ्या आईबाबांच्या नावानं पाणी भरत होते. मला एका शब्दानं कळवलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. पण रोसारियो वाट बघत होती. या वेळी मी सगळं सांगितलं. पहिल्यापासून, बागेतलं, नदीवरचं, झोक्याचं, तिकिटाचं, घागरीचं, जसं नाना बोलले तसं. सांगताना मध्ये मध्ये थांबावं लागलं. तिनं घाई केली नाही.

मग मी नानांना म्हटलं, "पण घागर मुलगा भरतो, नाना. मुलगी नाही भरत."

"पोर भरी त काय घागर फुटी जाई?" ते म्हणाले. "मी इचारी येल शे बठ्ठास्ले, सारी भाऊकीले. आन् कोनी काई बोलं, त मी शे ना."

मग रोसारियोनं मला एक प्रश्न विचारला. साधाच प्रश्न होता. या आजोबांना मुलंबाळं आहेत का? मी म्हटलं, नाहीत. ती म्हणाली, मग यांची घागर कोण भरणार?

हे मी त्यांना कसं विचारणार? जिवंत माणसाला तोंडावर असं विचारतात का? मी मान हलवली. पण नाना माझ्या तोंडाकडे बघत होते. "काय म्हनस ती?" त्यांनी विचारलं. मी टाळलं. त्यांनी पुन्हा विचारलं. शेवटी मी खाली बघून सांगितलं, "ती विचारते, तुमची घागर कोण भरणार?"

नाना हसले. टोपी काढून त्यांनी कपाळाचा घाम पुसला आणि टोपी परत नीट बसवली.

"म्हनीसन त लेवाले उनू," ते म्हणाले. म्हणूनच तर ते मला न्यायला आले होते.

मी त्यांचा हात घट्ट धरला आणि भर लोकांत रडले. त्यांनी मला थांबवलं नाही. काही वेळानं मी फोन काढून हितेंद्रला लावला. काय झालं, सांगितलंस का त्यांना, त्यानं विचारलं.

"उद्याचं तिकीट बघ," मी म्हटलं. "बोरसे नावानं काढ. मला न्यायला माणूस आलाय."